अंडं आणि पालेभाजी एकाच कढईत

संध्याकाळी कुठल्याही एसटी स्टँडबाहेर अंडाभुर्जीची गाडी लागलेली असते. तव्यावर कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, हळद, त्यावर फोडलेली अंडी आणि शेवटी चिमूटभर कोथिंबीर. हिरव्या पाल्याचा संबंध तेवढाच. त्याच रस्त्यावर थोडं पुढे गोणपाट अंथरून बसलेली भाजीवाली उरलेल्या मेथीच्या जुड्या पडत्या भावात काढत असते, कारण उद्यापर्यंत त्या पिवळ्या पडणार. गाडीभोवती उभे असतात ते बहुतेक पुरुष. जुडी उलटीपालटी करून बघतात त्या बहुतेक बायका. दोन्ही गिऱ्हाइकं एकाच घरची असू शकतात, पण त्या रात्री त्या घरात अंडं आणि मेथी एका ताटात येत नाहीत.

ती यायला हवीत, असं माझं म्हणणं आहे. चवीसाठी यायला हवीत, पैशांच्या हिशेबानं यायला हवीत आणि सर्वांत आधी घरातल्या बाईच्या आणि पोरांच्या अंगात रक्त भरावं म्हणून यायला हवीत. ती येत नाहीत याला स्वयंपाकाची अडचण कारणीभूत नाही. अंड्याला आपण घरात कुठली जागा दिली आणि पालेभाजीमागे कुणाचा वेळ जातो, या दोन प्रश्नांशी ते कारण बांधलेलं आहे.

स्वयंपाकाची अडचण नाही हे आधी दाखवते. लोखंडी कढईत दोन चमचे तेल, ठेचलेला लसूण सहा-सात पाकळ्या. लसूण तांबूस व्हायला लागला की चिरलेली मिरची आणि एक कांदा. कांदा मऊ झाला की निवडून, धुऊन, निथळून जाडसर चिरलेली एक जुडी मेथी. मीठ लगेच घालू नये. कच्चा पाला कढईभर दिसतो, त्या अंदाजानं मीठ पडतं आणि दोन मिनिटांत भाजी मूठभर होऊन बसते, मग ती खारट लागणारच. भाजी बसली की मीठ. आता पाणी आटू द्यायचं, आणि इथे घाई करायची नाही. पाल्याचं पाणी राहिलं तर अंडं त्या पाण्यात शिजतं, त्याच्या चिंध्या होतात आणि सगळी भाजी मचूळ लागते. पालकाला तर मेथीहून कितीतरी जास्त पाणी सुटतं. भाजी कोरडी झाली की डावाच्या पाठीनं तीन-चार खळगे करायचे, एकेका खळग्यात एकेक अंडं फोडायचं, आच मंद करायची आणि झाकण ठेवायचं. अंड्यातलं पांढरं साधारण साठ अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतं, बलक त्याच्या थोडा नंतर. मोठ्या आचेवर म्हणूनच पांढऱ्याचं रबर होतं आणि बलक तरी कच्चाच राहतो. मंद आचेवर पाच-सहा मिनिटांत दोन्ही नीट जमतात. लहान मूल किंवा गरोदर बाई जेवणार असेल तर बलकही पूर्ण घट्ट होऊ द्यावा, कारण अर्धकच्च्या अंड्यातून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते. वरून लिंबू, सोबत ज्वारीची भाकरी. भाजी निवडलेली असेल तर वीस मिनिटांत जेवण तयार.

त्या 'निवडलेली असेल तर'कडे मी पुढे येणार आहे.

चवीबद्दल एवढंच सांगते की मेथीचा कडवटपणा बलकाच्या स्निग्धपणात मुरतो, नाहीसा होत नाही, आणि ज्या मुलाला नुसती मेथी नको असते ते मूल ही भाजी खातं. शेपूचा उग्र वास अंड्यासोबत चांगला लागतो. चुका घातला तर टोमॅटोची गरज उरत नाही. लाल माठावर फोडलेल्या अंड्याचं पांढरं कडेनं गुलाबी होतं. पावसाळ्यात कोकणात आणि मावळात टाकळा, कुर्डू, भारंगी मिळते, विदर्भ-मराठवाड्यात घोळ, चिवळ, तांदुळजा मिळतो. यातली भारंगी आधी उकडून पिळून घ्यावी लागते, बाकीच्या सरळ कढईत जातात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी लोकांना या भाज्यांची नावं नव्यानं कळली. ज्यांच्या परसात त्या उगवतात त्यांच्या परसात बहुधा दोन-चार कोंबड्याही असतात. म्हणजे हा मेळ बाहेरून आणायचा नाही. तो अंगणातच पडलेला आहे.

मुंबईला तर तो शेजारच्या घरात दिसत होता. पारशी घरांत जवळजवळ कुठल्याही भाजीवर अंडी फोडतात. मेथीवर फोडतात, भेंडीवर फोडतात, बटाट्याच्या सळ्यांवर फोडतात. 'भाजी पर ईडू' हा त्यांच्याकडचा रोजचा पदार्थ. त्यांच्या मूळ देशात, इराणात, कांद्यावर परतलेल्या पालकात अंडी सोडून 'नर्गिसी' करतात. पांढऱ्यात पिवळं असं नर्गिसाच्या फुलासारखं दिसतं म्हणून ते नाव. नवरोजच्या जेवणात तिथे 'कुकू सब्जी' असतं: शेपू, कोथिंबीर, पार्सली, कांद्याची पात बारीक चिरून जेमतेम बांधली जाईल एवढ्याच अंड्यात घातलेली जाड वडी. त्यात पाला जास्त आणि अंडं कमी असतं. वर्षाच्या पहिल्या दिवशी खाण्याइतका तिथे या जोडीला मान आहे. आपण इराण्याच्या हॉटेलातला ऑम्लेट-पाव उचलला, पण हिरव्या पाल्यावरची अंडी आपल्या घरात आली नाहीत.

आता शरीराचं बघू. या लेखातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे, आणि ते पुण्याजवळच्या गावांतूनच कळलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले. त्यांना दिसलं की बाळाच्या जन्माच्या वजनाचा संबंध आईनं एकूण किती उष्मांक खाल्ले याच्याशी तितका नव्हता. पालेभाज्या, फळं आणि दूध ती किती वेळा खाते, याच्याशी तो जास्त होता. पालेभाजी वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं भरलेली होती. पुढे आणखी एक गोष्ट निघाली. या बायकांत फोलेटची कमतरता क्वचित होती, पण निम्म्याहून जास्त जणींत बी-१२ कमी होतं. आणि ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती, म्हणजे पुढच्या मधुमेहाची वाट, सगळ्यांत जास्त आढळली.

फोलेट पाल्यातून मिळतं, गरोदरपणातल्या गोळीतूनही मिळतं. बी-१२ कुठल्याच पाल्यात नसतं. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. शरीरात मात्र ही दोन जीवनसत्त्वं एकाच साखळीत काम करतात. नवी पेशी घडताना, रक्तातली तांबडी पेशी तयार होताना दोन्ही लागतात. एक आहे आणि दुसरं नाही, अशा वेळी काम अडतं. आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीला शेपू-मेथी खाऊ घातली ते योग्यच केलं, पण बी-१२ ची बाजू दुधावर सोडून दिली, आणि ज्या घरात दूध चहापुरतंच येतं तिथे ती बाजू रिकामी राहिली. एका अंड्यानं बी-१२ ची दिवसभराची गरज भागत नाही हेही खरं. पण काहीच नसण्यापेक्षा रोजचं एक अंडं फार मोठी गोष्ट आहे.

दुसरा संबंध तेलाचा. पाल्यातलं बीटा-कॅरोटीन, ज्याचं शरीरात 'अ' जीवनसत्त्व होतं, ते स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ तरुणांना तीच भाज्यांची कोशिंबीर एकदा अंड्याशिवाय, एकदा दीड अंड्यासोबत आणि एकदा तीन अंड्यांसोबत दिली. तीन अंडी खाल्ली तेव्हा भाजीतली कॅरोटिनॉइडं रक्तात कितीतरी पट जास्त उतरली. माणसं सोळाच होती, प्रयोग छोटा होता, पण त्यामागचं कारण पक्कं आहे: बलकात स्निग्धांश आहे आणि पाल्याला तो हवा असतो.

इथे एक गोष्ट दडवू नये. लोहाच्या बाबतीत अंडं पाल्याला मदत करत नाही. बलकातलं एक प्रथिन लोहाला धरून ठेवतं, आणि पाल्यातलं लोह तसंही शरीराला सहजी मिळत नाही. पालकातल्या ऑक्झॅलेटमुळे त्यातलं कॅल्शियमही जवळजवळ वायाच जातं. म्हणून वर लिंबू पिळायचं म्हटलं. 'क' जीवनसत्त्वानं पाल्यातलं लोह शोषलं जातं. म्हणून लोखंडी कढई म्हटलं; चुका, अंबाडी, टोमॅटो असं आंबट काही तिच्यात शिजलं की कढईचंही थोडं लोह अन्नात उतरतं. आणि म्हणूनच जेवणावर लगेच चहा नको. लिंबू, कढई आणि चहाची वेळ यांना खर्च नाही, पण बाळंतिणीला घरी सोडताना गोळ्यांच्या पाकिटासोबत हे कुणी सांगत नाही, आणि याचा मला राग येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ रक्तक्षय असलेल्या आढळल्या, आणि पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी जवळजवळ ६९. एवढ्या मोठ्या आजाराला एका भाजीनं उतार पडेल असं मी म्हणत नाही. जंत, मलेरिया, लागोपाठची बाळंतपणं, सगळ्यांत शेवटी जेवायची बायकांची रीत, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण रोजचं ताट हा त्यातला सर्वांत मोठा भाग आहे, आणि तो आपल्या हातात आहे.

मग अडतं कुठे? अंड्याला आपण घरात अर्धंच घेतलं आहे. माळकरी घरात ते येत नाही, जैन घरात येत नाही, आणि तिथे येऊही नये. हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण मी बोलते आहे ती अशा असंख्य घरांबद्दल, जिथे अंडं खाल्लं जातं पण त्याला वेगळा तवा आहे, वेगळी ताटली आहे, सोमवार-गुरुवार-शनिवार बंदी आहे, आणि टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात खाली दाबली जातात. अशा घरात अंडं मुलगा करतो किंवा वडील करतात, रविवारी, आई स्वयंपाकघरातून बाहेर पडल्यावर. तिच्या कढईत ते पडत नाही. भाजी तिच्या कढईत, अंडं त्यांच्या तव्यावर. दोन्ही रांधायला वेगळी माणसं, वेगळी वेळ, वेगळी भांडी, मग ती एकत्र येणार कशी? आणि यात जिचं रक्त सगळ्यांत कमी आहे तिच्याच ताटात अंडं पोचत नाही. तिचे उपास, तिचे वार, तिचं सोवळं. श्रावणात अंड्यांचे भाव उतरतात, त्यात तिच्या नावच्या किती अंड्यांचा वाटा असेल याचा विचार करावा. ज्या बाईला मनापासून खायचं नाही तिच्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. जी खाते, जिला आवडतं, पण जी घरातल्या मांडणीमुळे खात नाही, तिच्यासाठी ही मांडणी मोडायला हवी.

पालेभाजीचं उलटं आहे. तिला घरात पुरता मान आहे. ऋषिपंचमीला तिचीच भाजी होते, गौरींना ती नैवेद्याला लागते, बाळंतिणीला ती लागते. तिचा प्रश्न मानाचा नाही, वेळेचा आहे. मेथीची जुडी सोडायची, मुळं कापायची, पानं खुडायची, पिवळी आणि किडकी बाजूला काढायची, जून देठ टाकायचे, मग मोठ्या पातेल्यात तीन-चार पाण्यांनी धुवायची. पाणी ओतून न देता वरून पाला उचलून घ्यायचा, म्हणजे माती तळाशी राहते. ओतलं तर माती पुन्हा पाल्यावर येते. शहरातल्या पालेभाजीला कुठलं पाणी दिलं असेल सांगता येत नाही, म्हणून तर धुण्यात हयगय चालत नाही. चार माणसांच्या भाजीला यात अर्धा-पाऊण तास जातो आणि शिजून ती प्रत्येकाच्या वाट्याला चार चमचे येते. हा पाऊण तास कुणी मोजत नाही. नोकरी करणारी बाई सात वाजता घरी पोचते आणि बटाटा किंवा फ्लॉवर चिरते, ते याच हिशेबानं. तिला पालेभाजीचे गुण सांगणारे लेख, भाषणं, व्हॉट्सॲपवरचे संदेश यांनी काही बदलत नाही, कारण गुण तिला आधीच माहीत आहेत. निवडायला शेजारी दुसरं माणूस बसलं तर बदलतं. नवरा दूरदर्शनसमोर बसून जुडी खुडू शकतो, दहा वर्षांचं पोर खुडू शकतं. अंडं फोडायला जो पुरुष हौसेनं पुढे येतो त्यानं आधी मेथी निवडली तर वीस मिनिटांचं ते जेवण खरोखर वीस मिनिटांचं होईल. निवडायचं काम तिच्या एकटीवर टाकून त्याला साधं जेवण म्हणणं मला मान्य नाही.

घराचा प्रश्न घरानं सोडवायचा. शाळेचा प्रश्न मात्र सरकारचा आहे, आणि तिथे महाराष्ट्र कमी पडला. तमिळनाडूत १९८९ साली करुणानिधींच्या सरकारनं शाळेच्या जेवणात अंडं आणलं, ते आधी पंधरवड्यातून एकदा होतं, २०१० पासून शाळेच्या आठवड्यातल्या पाचही दिवशी आलं. सरकारं बदलली, अंडं राहिलं. आपण आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीच्या मुलांना अंडी किंवा केळी द्यायला लागलो, ते चांगलं पाऊल होतं. शाळांसाठी २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक अंडं ठरलं. एकच, पण ठरलं. २०२५ च्या जानेवारीत राज्यानं त्यासाठीचा निधी काढून घेतला आणि शाळांनी हवं तर लोकवर्गणीतून अंडी द्यावीत असं सांगितलं. ज्या राज्यात अंड्याचा देशभरचा भाव सुचवणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ पासून उभी आहे, कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र असलेलं पुणे आहे, त्या राज्यानं पोरांच्या अंड्यासाठी गावात वर्गणी मागायला लावावी हे मला अत्यंत लाजिरवाणं वाटतं. वर्गणी जिथे जमते त्या गावातल्या मुलांना अंड्याची गरज सर्वांत कमी असते.

आकडे समोर ठेवावेत. पोषण योजनेच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, आणि ताटात ५० ग्रॅम भाजी, तिच्यात पालेभाजीही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे त्या जेवणाची निम्मी बाजू. पण त्या मुलाच्या डाळ, भाजी, तेल, मीठमसाला, इंधन या सगळ्यासाठी मे २०२५ पासूनचा दर दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहे. बाजारात एक अंडंच साधारण तेवढ्याला पडतं. म्हणजे अंडं द्यायचं तर पैसे वेगळे द्यावे लागतील, त्याला दुसरा मार्ग नाही. जे म्हणतात की भाजी-डाळीतच सगळं भागतं, त्यांनी या पावणेसात रुपयांत डाळ, तेल, गॅस बसवून उरलेल्या पैशांत मेथीच्या किती काड्या येतात ते बघावं.

विरोधाचं दुसरं कारण भावनांचं दिलं जातं. शाळेत अंडं शिजलं तर न खाणाऱ्यांच्या मनाला लागतं, असं म्हणतात. ही भावना मी खोटी मानत नाही. पण एका पोराच्या घरच्या श्रद्धेपायी दुसऱ्या पोराचं ताट रिकामं राहावं, यात कसलाही न्याय नाही. विशेषतः त्या दुसऱ्या पोराच्या घरी अंडं विकत घेण्याची ऐपत नसताना. न खाणाऱ्याला केळं देण्याची सोय तर २०२३ च्या निर्णयातही होतीच.

आणि शाळेतही निवडायचं कोण, हा प्रश्न आहेच. शंभर मुलांच्या शाळेला प्रत्येकी ५० ग्रॅम धरली तर पाच किलो निवडलेला पाला लागतो. म्हणजे मुळं-देठांसकट त्याच्या दीडपट-दुप्पट जुड्या. हे काम करते ती स्वयंपाकी किंवा मदतनीस बाई, महिन्याला अडीच हजार रुपये मानधनावर, बहुतेकदा एकटी किंवा जोडीला एक. तिच्याकडून पालेभाजीची अपेक्षा करायची आणि तिचा तासभर फुकट धरायचा, हे घरातलंच गणित सरकारनं शाळेत नेलं आहे. भाजीच्या दिवशी तिला आणखी एक हात द्यायला हवा आणि त्या हाताचे पैसे योजनेतून द्यायला हवेत. गावातल्या बचत गटाकडून निवडलेली, धुतलेली भाजी सकाळी आठ वाजता शाळेत पोचवता येईल. मराठवाड्यात उन्हाळ्यात पाला मिळत नाही तेव्हा शेवग्याचा पाला मिळतो. शाळेच्या कुंपणाला चार शेवगे लावले तर तो विकतही आणावा लागत नाही. मोठ्या पातेल्यात खळगे करून अंडी फोडणं शंभर पोरांसाठी जमणार नाही. तिथे अंडी उकडून, सोलून, अर्धी करून परतलेल्या भाजीत घालावीत, आणि लिंबं शिजवताना न घालता वाढताना पिळावीत. न खाणाऱ्या मुलांची भाजी अंडी घालण्याआधीच दुसऱ्या पातेल्यात काढायची, त्यांच्या पळीला वेगळा दोरा बांधायचा, आणि त्यांना केळ्यासोबत मूठभर शेंगदाणेही द्यायचे, कारण केळ्यात प्रथिनं नावापुरतीच असतात.